अकरावीचं प्रोजेक्ट: फिल्म, मराठी आणि पर्यावरण तिन्ही एकाच विषयावर, कासव घेऊ की आमची वाडी?

पोफळीखालची (रविवार रात्री)

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच इथे लिहितेय. मी अकरावी आर्ट्सला आहे, गाव दापोली तालुक्यात, समुद्राकडच्या पट्ट्यात. कॉलेजात यावर्षी तीन गोष्टी एकदम अंगावर आल्यात. पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयाची प्रकल्पवही, मग मराठीच्या मॅडमनी आपल्या परिसरावर स्वतःचं काहीतरी ललित लिहून आणायला सांगितलंय सातशे-आठशे शब्दांचं, आणि गॅदरिंगला दाखवायला पाच ते सात मिनिटांची फिल्म, मोबाईलवर काढलेली चालेल. मी सरांना विचारलं तिन्ही एकाच विषयावर केलं तर चालेल का, ते म्हणाले चालेल पण एकच मजकूर तीन ठिकाणी चिकटवलेला दिसला तर तिन्हीकडचे मार्क जातील.

माझ्याकडे दोन विषय आहेत. एक म्हणजे कासवं. मार्चमध्ये मामाबरोबर वेळासला गेले होते तेव्हाचं ४० मिनिटांचं फुटेज आहे, पिल्लं समुद्रात जातानाचं, आणि एका ओळखीच्या दादाने ड्रोनचे दोन मिनिटांचे शॉट दिलेत ते तर एकदम भारी आहेत.

दुसरं म्हणजे आमची वाडी (बाहेरच्यांसाठी सांगते, वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग, वस्ती नाही, आणि पोफळ म्हणजे सुपारीचं झाड). दहा गुंठे आहे, १४० पोफळी होत्या आणि मध्ये जायफळं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी सहावीत जाणार होते, लॉकडाऊन चालू होतं, आमच्या शाळेत मुंबईहून आलेले चाकरमानी क्वारंटाईन केलेले होते आणि आम्ही सगळे माजघरात बसलेलो. त्या दिवशी मी बाबांच्या जुन्या फोनवर एक व्हिडिओ काढला होता, १४ सेकंदांचा. उभा काढलाय, दुपारचे दोन-अडीच असतील पण अंधारल्यासारखं आहे, वाऱ्याचा नुसता भर्रर्र आवाज, काडकन काहीतरी मोडतं आणि शेवटी आजीचा आवाज येतो, "मोज गो, उभ्या किती ऱ्हायल्या?" बस एवढंच. काही दिसत नाही धड. क्वालिटी इतकी बेकार आहे की स्क्रीनवर दाखवायची लाज वाटेल.

तर मला वाटतंय कासवच घ्यावं, फुटेज तयार आहे, दिसायला छान आहे. पण मग मराठीत काय लिहायचं ते सुचत नाहीये, "इवलीशी पिल्ले सागराच्या कुशीत झेपावली" असं चार ओळी लिहून झालं आणि पुढे काही नाही. कोणी सांगेल का?

कट_टू_कट

मी मूळचा रत्नागिरीचा, मुंबईत एडिटिंग करतो, पोट लग्नाच्या व्हिडिओंवर चालतं त्यामुळे ड्रोन शॉटबद्दल माझं मत जरा कडू आहे ते आधीच सांगून टाकतो. ड्रोन शॉट हा आजकाल सगळ्यांकडे असतो. तुझ्या गॅदरिंगला दहा फिल्म असतील तर सहा फिल्म वरून समुद्र दाखवत सुरू होतील, खाली पियानो वाजत असेल आणि कोणीतरी जाड आवाजात "निसर्ग आपली आई आहे" म्हणत असेल.

कासवावर करू नये असं नाही. पण कासवावर आपल्याकडे कासव याच नावाचा मराठी पिक्चर होऊन गेला, २०१६ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं त्याला, आणि त्यातही कासव हे माणसाची गोष्ट सांगायला वापरलंय. तुझ्या ४० मिनिटांत माणूस कोण आहे? तू स्वतः तरी आहेस का कुठे? नाहीस. चार ओळींनंतर अडतेयस ते त्यामुळेच.

आणि ते १४ सेकंद तू लाज वाटते म्हणून बाजूला टाकतेयस, मी दहा वर्षं या धंद्यात आहे, मला अशी क्लिप कोणी आणून दिली असती तर मी पैसे न घेता काम केलं असतं. "मोज गो, उभ्या किती ऱ्हायल्या" याच्यापुढे तुझा ड्रोन काय करणार आहे?

आता कामाचं. ती क्लिप जर तुला व्हॉट्सॅपवरून आली असेल तर ती दाबली गेलेली आहे, बाबांचा जुना फोन शोध, चार्ज कर, केबल लावून मूळ फाईल काढ. कोणाला पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, व्हिडिओ म्हणून नाही. उभी आहे तर उभीच ठेव, दोन्ही बाजूला काळं राहू दे, ताणून आडवी करू नकोस. तो वाऱ्याचा आवाज साफ करायच्या भानगडीत पडू नकोस, तोच तर आवाज आहे. आणि त्यावर म्युझिक टाकलंस तर मी तिथे येऊन डिलीट करेन.

बंदरावरचा_बंड्या

एवढं काय डोकं लावतेस चॅटजीपीटीला सांग तिन्ही लिहून देईल ५ मिनिटात

कट_टू_कट

बंड्या, त्याला विचार आजीने काय मोजायला सांगितलं होतं ते. थांबतो मी.

खाडीकाठी

कट_टू_कटशी अर्ध सहमत. वाडी घे हे बरोबर, पण कासव "झालेला विषय" आहे असं म्हणू नका हो. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास काम सुरू केलं त्याआधी किनाऱ्यावरची अंडी सरळ काढून नेली जायची, खायला आणि विकायला. आज गावातलीच माणसं रात्री किनारा फिरतात, घरटं सापडलं की अंडी जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात, एका घरट्यात शंभराच्या वर अंडी असतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. आणि वाळू किती तापते यावर नर की मादी ठरतं, जास्त तापली तर माद्या जास्त. हा विषय संपलेला नाही, उलट आता सुरू झालाय.

पण पोरी, तुझ्या त्या फुटेजमध्ये एकदा बघ, कोणी मोबाईलचे टॉर्च मारलेत का. पिल्लं उजेडाकडे जातात, मोकळ्या समुद्रावरचं आभाळ किनाऱ्यापेक्षा उजळ असतं म्हणून ती तिकडे वळतात, मागून टॉर्च मारला की फिरतात. ऑलिव्ह रिडले, म्हणजे वेळासला येतं ते कासव, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ असतो त्याच यादीत. टॉर्चवालं फुटेज पर्यावरणाच्या प्रोजेक्टमध्ये लावलंस आणि परीक्षक जाणता असला तर तोच पहिला प्रश्न विचारेल.

वाडीबद्दल. प्रकल्पवहीत एक वाक्य सगळी मुलं लिहितात, "हवामान बदलामुळे निसर्ग चक्रीवादळ आले." असं लिहू नकोस. अरबी समुद्राचं पाणी तापतंय आणि त्यात जोरदार वादळांचं प्रमाण वाढलंय हे अभ्यासकांनी मांडलेलं आहे, ते लिही. पण एक वादळ उचलून हे त्याच्यामुळेच असं म्हणता येत नाही. तुला जे बघता येईल, मोजता येईल तेवढंच ठामपणे लिही. निसर्ग ३ जूनला दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत, हे हवामान खात्याचं आहे. नाव बांगलादेशने सुचवलेलं होतं, वादळांच्या नव्या यादीतलं ते पहिलंच नाव. आपल्या लोकांना वाटतं आपणच उपरोधाने ठेवलं.

रोठावाला

मी श्रीवर्धनकडचा. आमच्यावरून तर ते वादळ सरळ गेलं, तुमच्याकडे कड लागली तरी तुमची ही अवस्था, आमचं काय झालं असेल विचार कर. तीन पिढ्यांची वाडी, सकाळी नऊला होती आणि चारला घरातून सरळ समुद्र दिसत होता. आमच्या घरातून समुद्र दिसतो हे मला वयाच्या ४४ व्या वर्षी कळलं.

फिल्म कर पण एक सांगतो, रडकी करू नको. त्या जून-जुलैत इतके कॅमेरेवाले आले, सगळ्यांना आडव्या पोफळी आणि रडणारी म्हातारी पाहिजे. मग पाऊस लागला आणि गेले ते गेले. नंतर आम्ही काय केलं ते बघायला कोणी आलं नाही. आडवं पडलेलं कापायला दोन महिने गेले, माणूस मिळेना, लाईट नाही, करवतीला पेट्रोल नाही. पंचनाम्याला आलेला माणूस विचारतो हेक्टर किती, अरे हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, इकडे कोणाकडे आहे हेक्टर, सगळ्यांचं पाच गुंठे, आठ गुंठे.

आणि पोफळ पडली म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला कळत नाही. आंबा मोडला तर खालून फुटतो. पोफळीला एकच शेंडा, तो गेला की झाड गेलं, मग खोड उभं असलं तरी ते लाकूड. नवीन रोप लावलं तर सुपारी धरायला पाच-सहा-सात वर्षं. आणि लावायचं कुठे? रोपाला सावली लागते, ऊन थेट लागलं तर खोड भाजतं. सावली देणाऱ्या पोफळीच पडल्या. म्हणून पहिले केळी लावल्या, केळीच्या सावलीत पोफळ. जायफळं उभी होती ती वादळाने नाही मेली, पुढच्या उन्हाळ्यात उन्हाने मेली. ती वादळाच्या खात्यात कोणी धरलीच नाहीत.

हे दाखव ना. केळीच्या पानाखालचं रोप दाखव.

मास्तरीण_चिपळूण

मी निवृत्त शिक्षिका, ३१ वर्षे मराठी शिकवले. वरचे सगळे वाचले. रोठावाला, तुमची ती समुद्र दिसण्याची ओळ मुलीने उचलू नये म्हणून सांगते, ती तुमची आहे.

बाळ, तू "इवलीशी पिल्ले सागराच्या कुशीत झेपावली" असे लिहिलेस आणि अडलीस, हे चांगले लक्षण आहे, काही मुले अडतच नाहीत. तुझ्या प्रश्नाचा तिसरा परिच्छेद पुन्हा वाच. "लॉकडाऊन चालू होतं, शाळेत चाकरमानी क्वारंटाईन केलेले होते आणि आम्ही सगळे माजघरात बसलेलो." हे तू न अडता लिहिलेस. ललित ललित म्हणून वेगळी भाषा आणायला बाहेर जाऊ नकोस.

गो. नी. दांडेकरांची पडघवली वाचनालयात असेल तर आण. १९५५ ची कादंबरी, कोकणातले एक गाव हळूहळू उजाड होते त्याची गोष्ट, पण सांगते कोण, तर त्या घरात नांदायला आलेली बाई, आपल्या बोलीत. लेखक मध्ये येऊन निसर्गरम्य वगैरे म्हणत नाही. सगळी वाचायला वेळ नसेल तर पहिली वीस पाने वाच आणि बघ, ती झाडांबद्दल बोलते तेव्हा झाडांची नावे घेते की नुसते "वृक्षराजी" म्हणते.

तीन कामांची वाटणी मला अशी दिसते. फिल्म आजीची. ललित तुझे, म्हणजे त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे, जिला मोजायला सांगितले. तू मोजल्यास का? किती भरल्या? मोजताना एखादी दोनदा मोजली गेली का, पावसात कुठली दिसत नव्हती, आकडा आजीला सांगताना काय वाटले? वही मात्र मोजमापांची. फिल्ममध्ये आकडे नकोत आणि वहीत आजी नको, म्हणजे सरांना चिकटवलेले दिसणार नाही.

रोठावाला

मॅडम बाकी सगळं पटलं पण वहीत आजी का नको? कुठली पोफळ कधी लावली, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, पाट आधी कुठून जायचा, कुठल्या बाजूची झाडं आधी पडली हे कुठल्या दप्तरात लिहिलंय सांगा. सगळं त्या आजीच्या डोक्यात आहे. थर्मामीटर लावला की अभ्यास आणि म्हातारीला विचारलं की गोष्ट, असं कसं?

खाडीकाठी

रोठावाला बरोबर बोलतायत. आजीला वाडीत फिरव आणि ती सांगेल तसा नकाशा काढ, कागदावर, पेन्सिलने. २०२० आधीची वाडी आणि आत्ताची वाडी, दोन नकाशे. उभी राहिलेली झाडं कुठली, ती मध्ये होती की कडेला, घराच्या आडोशाला होती का. पोफळीची मुळं वरच्या वर पसरलेली असतात, खोड सडपातळ आणि उंच, दाट असताना एकमेकींच्या आधाराने वारा सोसतात. बाहेरची ओळ पडली की आतली उघडी पडते. तुमच्याकडे तसंच झालं का ते नकाशावरून दिसेल, नाही दिसलं तर तसं लिही, तेही चालतं.

आणि सावलीचं मोजमाप कर, सोपं आहे. गावात एखादी वाचलेली दाट वाडी असेलच. साधे दोन थर्मामीटर, एक तिथे, एक तुमच्या उघड्या जागेत, सकाळी दहा, दुपारी एक, संध्याकाळी पाच, दहा दिवस. फक्त उघड्यावरचा थर्मामीटर उन्हात टांगू नकोस, नाहीतर हवेचं नाही तापलेल्या काचेचं तापमान लिहून आणशील. वर पुठ्ठ्याचं छप्पर कर, वारा लागू दे. जमलं तर बोटभर खोल मातीतलंही घे. फरक किती येईल ते मी सांगत नाही, तू सांग.

मास्तरीण_चिपळूण

मान्य. वहीत आजी असू दे, पण माहिती देणारी म्हणून, आवाज फिल्ममध्ये. (३१ वर्षांत माझे म्हणणे खोडून काढणारा विद्यार्थी वर्षाला एखादाच मिळायचा, रोठावाला तुम्ही उशिरा आलात.)

पोफळीखालची (सोमवार)

बापरे एवढं सगळं. थँक्यू सगळ्यांना. फुटेज बघितलं, टॉर्च आहेत, चार-पाच जणांचे, एक तर मामाचाच आहे. कासव रद्द.

मोजल्या होत्या मी. अकरा. खिडकीतून मोजल्या कारण दार उघडू देत नव्हते.

पण अडचण अशी आहे की आजी कॅमेऱ्यासमोर बसायला तयार नाही. मी आज ओटीवर खुर्ची ठेवली, मागे तुळस वगैरे, छान फ्रेम लावली, तर म्हणते "मी काय पुढारी हाय?" आणि उठून गेली. मग मी म्हटलं निदान बोल तरी, तर "काय बोलायचं, पडल्या त्या पडल्या". आता मी व्हॉइसओव्हर स्वतः लिहून माझ्या आवाजात देऊ का? आणि वाडीत शूट करायला गेले तर सगळं एकतर काळं येतंय नाहीतर पांढरं फट्ट. आवाजात नुसता वारा.

कट_टू_कट

खुर्चीवर बसवलंस तिथेच चुकलं, मी पण बसलो नसतो. आजी रोज दुपारी काय करते? जे करते ते करू दे आणि तू शेजारी बसून तेच काम कर. हात कामात असले की तोंड आपोआप सुटतं. चेहरा नको म्हणते तर घेऊ नको. हात घे. सात मिनिटांच्या फिल्ममध्ये चेहरा एकदाही नाही दिसला तरी चालतं, आवाज चांगला पाहिजे.

आवाजासाठी दुसरा फोन घे, रेकॉर्डर चालू करून तिच्या जवळ ठेव, सुपाखाली, टोपलीआड, कुठेही, वीतभर अंतरावर. बाहेर असशील तर फोनच्या माईकच्या भोकावर जुन्या लोकरीच्या टोपीचा तुकडा गुंडाळ, वारा बराच कमी होतो. सुरुवातीला एकदा टाळी वाज, म्हणजे नंतर दोन्ही फोनचं जुळवता येईल. आणि सगळं झाल्यावर एक मिनिट कोणीही न बोलता घराचा आवाज रेकॉर्ड कर, कट झाकायला लागतो, हे नवीन मुलं शंभरातली नव्वद विसरतात.

काळं-पांढरं येतंय कारण वाडीत ऊन-सावलीच्या पट्ट्या पडतात आणि फोन गोंधळतो. जिथलं नीट दिसायला पाहिजे तिथे स्क्रीनवर बोट दाबून धर, उजेड लॉक होतो. नाहीतर सरळ सकाळी साडेसात-आठला किंवा ढग असताना जा.

व्हॉइसओव्हर लिहू नकोस. अगदीच लागलं तर तीन वाक्यं, तीही तू बोलतेस तशी. आणि एक आयडिया. दादासाहेब फाळक्यांनी राजा हरिश्चंद्रच्या आधी, १९१२ ला, कुंडीत वाटाणा पेरून तो रोज थोडा थोडा शूट केला होता, उगवून वेल होईपर्यंत, आणि ते दाखवून भांडवल उभं केलं. आपल्याकडे सिनेमाची सुरुवात अशी एका रोपट्यापासून आहे. तू पोफळीच्या रोपावर करू नकोस, महिन्याभरात काही हलणार नाही ते. केळीची सुरळी घे. पान उलगडायला थोडेच दिवस लागतात, रोज त्याच जागेवरून, त्याच वेळेला फोटो काढ. फोन ठेवायची जागा दगड मांडून पक्की कर.

रोठावाला

शूटसाठी एक सुचवतो. सुपारी काढणारा माणूस पूर्वी वाडीच्या एका टोकाला चढायचा आणि वरच्या वर एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरी पकडायचा, असं करत अर्धी वाडी खाली न उतरता काढायचा. आम्ही पोरं खाली मान वर करून बघत बसायचो, आणि पडलेली विरी (पोफळीच्या झावळीचा बुडाचा रुंद भाग) दिसली की तीवर एकाला बसवून बाकीचे ओढत न्यायचे. आता तुमच्या अकरा पोफळी लांब लांब असतील. म्हणजे त्याला प्रत्येकीवर चढावं लागतं, उतरावं लागतं, परत चढावं लागतं. तुमच्याकडे जो कोण येतो त्याला विचारून ते शूट कर, वरून नको, खालून, त्याचे पाय जमिनीला लागतात तिथून. काही बोलायची गरज नाही.

खाडीकाठी

हे जबरदस्त आहे.

कट_टू_कट

रोठावाला साहेब तुम्ही सुपारी सोडा आणि आमच्या धंद्यात या.

रोठावाला

सुपारीत पैसे नाहीत, तुमच्यात आहेत काय?

कट_टू_कट

नाहीत.

बंदरावरचा_बंड्या

सॉरी पण खरंच विचारतोय, फिल्मची सुरुवात त्या १४ सेकंदांनी करायची की शेवट? माझं मत शेवट. आधी शांत वाडी, मग माणूस चढतोय उतरतोय, लोकांना कळत नाही का, आणि शेवटी तो आवाज.

कट_टू_कट

बंड्या तू कामाचा माणूस निघालास. मी सुरुवातीला लावली असती, म्हणजे पुढची सहा मिनिटं बघणारा स्वतःच झाडं मोजत बसेल. पण हे टेबलावर ठरतं, दोन्ही करून घरातल्या कोणाला तरी दाखव आणि कुठल्या वेळी तो मोबाईलकडे बघतो ते बघ.

मास्तरीण_चिपळूण

शेवटी लावलीत तर ती युक्ती वाटेल. सुरुवातीला.

पोफळीखालची (पुढच्या रविवारी)

अपडेट. थर्मामीटरचे सहा दिवस झालेत, चार बाकी. शेजारच्या काकांची वाडी बऱ्यापैकी वाचली होती, दुसरा तिथे लावलाय, रोज तीनदा जाते म्हणून काकू हसतात. नकाशा अर्धा झालाय. आजी सांगते तशी झाडं काढत गेले तर तिला नावानिशी माहीत आहेत, म्हणजे नाव नाही, पण "ती पाटाकडची वाकडी", "तुझ्या आत्याच्या लग्नाच्या साली लावलेली", अशा. रोठावाला काका म्हणाले ते खरं आहे, हे कुठेच लिहिलेलं नाही.

सुपारीवाले येणार आहेत पुढच्या आठवड्यात, ते शूटला हो म्हणालेत, फक्त म्हणाले माझी टोपी नवीन आणतो. केळीच्या सुरळीचे पाच फोटो झाले आणि सहाव्या दिवशी गाय आली. परत पहिल्यापासून.

आता आजीचं. काल दुपारी ती ओटीवर सुपारी सोलत होती, मी पण बसले. मला सोलता येत नाही, बोट कापून घेतलं, ती हसायला लागली आणि बोलायला लागली. अर्धा तास बोलली. लग्न होऊन आली तेव्हा वाडी किती दाट होती, दुपारी पण आत दिवा न्यावासा वाटायचा, सासरे रोज संध्याकाळी पाट सोडून आले की जेवायच्या आधी म्हणायचे सगळ्या हायेत. म्हणजे मोजायचे नाहीत, नुसतं म्हणायचे. वादळाच्या दिवसाबद्दल काहीच नाही बोलली.

मग मी तिला ती क्लिप ऐकवली. बाबांच्या फोनची मूळ फाईल मिळाली, खरंच आवाज खूप स्वच्छ आहे, त्यात मधेच कोणीतरी रामरक्षा म्हणतंय ते पहिल्यांदा ऐकू आलं. आजी म्हणाली ती मी नाय. मी एवढी घोगरी बोलते व्हय? आणि असं मी म्हटलंच नाय, मी कशाला मोजायला सांगू, मला दिसत होतं की. मी परत लावली. तिने फोन कानाला लावून ऐकली, फोन लावतात तसा. परत एकदा लाव म्हणाली. मग थोडा वेळ नुसती सोलत बसली, मी काही बोलले नाही. आणि मग म्हणाली,

"अकरा नाय, बारा व्हत्या. न्हाणीमागची तू मोजलीच नायस."

खिडकीतून न्हाणीमागचं दिसत नाही. ती पोफळ अजून आहे. मी रोज तिथे ब्रश करते.

मास्तरीण_चिपळूण

ललिताला हात लावू नकोस आता, आधी हे जसेच्या तसे वहीत उतरवून ठेव.

खाडीकाठी

नकाशात बारावी टाक.

कट_टू_कट

रेकॉर्डिंग चालू होतं ना??

पोफळीखालची

हो. दुसरा फोन सुपाखाली होता, सुरुवातीला टाळी पण वाजवली होती. पण डोक्यावर पंखा फुल चालू होता, आणि आजीच्या त्या वाक्याला बाहेरून मासेवाली ओरडते "बांगडे घ्या" म्हणून.

कट_टू_कट

पंखा थोडाफार काढता येतो. बांगडे राहू देत. फाईल पाठव, डॉक्युमेंट म्हणून.